पाण्याचा अहवाल स्वच्छ, मग माशाची पाठ वाकडी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लक्षात येईल. तुम्ही कळव्याला राहता. मेहुणे कल्याणच्या वर रायत्याजवळ उल्हास नदीत पाग (फेकजाळं) टाकतात आणि रविवारी तुमच्याकडे चिलापी, शिंगटी, कधी नशीब असेल तर मरळ येते. गेल्या महिन्यात दोन चिलाप्यांच्या पाठी वाकड्या निघाल्या. मेहुण्यांनी खासगी प्रयोगशाळेतून नदीचं पाणी तपासून घेतलं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, तांबं, जस्त, सगळ्यांपुढे 'मर्यादेत' असं छापून आलं. मग पाठ वाकडी का, हे धातूंमुळेच झालं का, आणि मासे खायचे की नाही?

माशांच्या आजारांचं काम करायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली. ठाण्यातली तळी, शहापूर-मुरबाडची शेततळी आणि कल्याणच्या वरची नदी हा माझा रोजचा परिसर. त्या अनुभवावरून सांगते, की तुमचा अहवाल खोटा नसणार. फक्त तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. त्यावरची मर्यादा माणसाने प्यायच्या पाण्याची आहे.

भारतीय मानक १०५०० (२०१२ ची आवृत्ती) पिण्याच्या पाण्यात जस्त लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १५ पर्यंत. तांब्याचे आकडे तसेच ०.०५ आणि १.५ मिलिग्रॅम. आता मासा. लिटरला १०० मिलिग्रॅम कठीणपणा (विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) असलेल्या पाण्यात जलचर सुरक्षित राहावेत म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घातलेली जस्ताची मर्यादा ०.१२ मिलिग्रॅम आहे. तांब्याची, दीर्घकाळासाठीची आणि कठीणपणावर आधारलेली जुनी मर्यादा ०.००९ मिलिग्रॅम, म्हणजे ९ मायक्रोग्रॅम. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये ९० मिलिग्रॅम तांबं, चिमूटभरसुद्धा नाही. आपण जे पाणी निर्धास्त पिऊ, त्यात रोहू गुदमरू शकतो.

हे पुस्तकी वाटेल म्हणून एक प्रसंग सांगते. मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याचं शेततळं होतं, प्लास्टिकचं अस्तर घातलेलं, निव्वळ पावसाच्या पाण्यावर भरलेलं. शेवाळ फार झालं म्हणून त्यांनी मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकला. हिशेब चोख होता, लिटरला १ मिलिग्रॅम. कुणीतरी सांगितलेलंच प्रमाण ते. तिसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, मासे वर येऊन गोल फिरतायत." मी पोचले तेव्हा पहाट होती. असल्या वेळी पहिला संशय ऑक्सिजनवर जातो, कारण मेलेलं शेवाळ सडताना ऑक्सिजन खातं. मोजला, तर लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर. चांगला. मग पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, पाहिली, ती लिटरला जेमतेम ३० मिलिग्रॅम. तिथेच उत्तर मिळालं. मोरचुदाची मात्रा क्षारतेला शंभराने भागून काढतात आणि क्षारता ५० च्या खाली असेल तर मोरचूद मुळात वापरतच नाहीत. मोरचुदात तांबं साधारण चतुर्थांश असतं, म्हणजे त्या तळ्यात पडलं लिटरला ०.२५ मिलिग्रॅम. १.५ ची वरची मर्यादा लावली तर पाणी पिण्यालायक ठरलं असतं. मासे मात्र निम्म्याहून जास्त गेले.

तेच प्रमाण विहिरीच्या कठीण पाण्यात टाकलं असतं तर बहुधा काही झालं नसतं. पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कल्ल्यावरच्या जागेसाठी धातूशी स्पर्धा करतात, कार्बोनेट आणि कुजलेल्या पाल्याचे सेंद्रिय पदार्थ धातूला बांधून ठेवतात. कल्ल्याला इजा करतो तो मुख्यतः कशालाही न बांधलेला, धातूचा मोकळा आयन. म्हणून 'अमुक मिलिग्रॅम धातू' हा आकडा पाण्याचा सामू (पीएच), कठीणपणा आणि क्षारता यांच्याशिवाय अर्धवट असतो. तुमच्या अहवालात हे तिन्ही असतील तर नशीब, नसतील तर पुढच्या वेळी मागून घ्या. पावसाळ्यात नदीचं पाणी मऊ, म्हणजे कमी कठीण होतं, तेव्हा तोच धातू जास्त बोचतो.

कल्ल्यात नेमकं काय होतं? गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे पाणी सतत आत शिरतं आणि मीठ सतत बाहेर झिरपतं. मासा दिवसरात्र कल्ल्यातल्या खास पेशींनी सोडियम आणि कॅल्शियम परत आत ओढत असतो. तांबं हा सोडियमचा पंप बंद पाडतं. कॅडमियम, जस्त आणि शिसं कॅल्शियमच्या दारातून घुसतात आणि दार अडवून बसतात. मासा वरून धडधाकट दिसतो, पण आतून त्याचं मीठ संपत चाललेलं असतं.

सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी कल्ला बघायला फार सुंदर असतो. कंगव्याचे दात आणि प्रत्येक दातावर दोन्ही बाजूंनी उभ्या बारीक पाकळ्या. पाकळीतलं रक्त आणि बाहेरचं पाणी यांच्यामधला पडदा केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ. त्या शेततळ्यातल्या रोहूचा कल्ला मी पाहिला, तर पावसात भिजलेल्या वहीची पानं चिकटावीत तशा पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, काही ठिकाणी वरचं आवरण फुगून सुटलेलं, आणि सगळ्यावर बुळबुळीत स्रावाचा जाड थर. हा स्राव माशाचा बचाव असतो, धातूला तो अडवतो. पण त्याच थरातून ऑक्सिजनलाही आत यायचं असतं. म्हणून पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा वर येऊन तोंड उघडतो.

ही झाली एकदम मोठी मात्रा. उल्हाससारख्या नदीत असं क्वचित होतं. तिथे थोडं थोडं, पण रोज, वर्षानुवर्षं चालू असतं, आणि त्याचा पहिला फटका नाकाला बसतो. माशाच्या नाकातल्या मज्जापेशी थेट पाण्यात उघड्या असतात. सामन माशांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत लिटरला २ ते २० मायक्रोग्रॅम तांब्याने काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, वास घेण्याची ताकद घटलेली दिसली. रोहू, कटला, मृगळ यांच्या कुळातल्या माशांची कातडी फाटली की एक द्रव्य पाण्यात सुटतं आणि बाकीचे मासे त्या वासाने सावध होऊन पळतात. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये हे मांडलं. नाक बधिर झालेल्या माशाला शेजाऱ्याला मरळीने धरलं तरी कळत नाही. कार्प कुळातला नर मादी अंड्यावर आली आहे हेसुद्धा वासानेच ओळखतो.

आता वलगणीचा विचार करा. पहिल्या पावसाला मासे चढणीला लागतात, ओढ्या-नाल्यांत, भातखाचरांत शिरून अंडी घालतात. नेमका तोच पाऊस उन्हाळाभर साचलेली रस्त्यांची धूळ, नाल्यांचा काळा गाळ आणि कारखान्यांच्या आवारातलं धुवण सगळं एकदम नदीत आणतो, आणि पाणी मऊ झालेलं असतं. अंडी आणि चार दिवसांचं पिल्लू ही माशाच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक अवस्था. मोठा मासा जे पचवतो त्यात पिल्लू वाकडं निपजतं किंवा फुटतच नाही. कुणी त्यांचे मेलेले ढीग पाहत नाही, कारण ढीग होतच नाहीत. चार-पाच वर्षांनी म्हातारे कोळी म्हणतात, पूर्वी इथे खवली मिळायची, हल्ली दिसत नाही. मला ही तक्रार कोणत्याही अहवालाइतकी महत्त्वाची वाटते.

तुम्ही लिहिलंय, "मासे चांगले तगडे असतात." त्याने हुरळून जाऊ नका. धातू शरीरात शिरला की मासा यकृतात आणि मूत्रपिंडात मेटॅलोथायोनिन नावाचं छोटं प्रथिन तयार करतो आणि धातूला त्यात बांधून ठेवतो. १९५७ मध्ये ते प्रथम सापडलं घोड्याच्या मूत्रपिंडात, पण माशांतही काम तेच. मासा धातूला सरावतो, तगतो, फक्त वाढीची, अंड्यांची, रोगाशी लढण्याची ताकद त्यात खर्ची पडते. म्हणजे घाण पाण्यात तगलेला मासा कमी धातूचा असेलच असं नाही, कदाचित उलटच. चिलापी याबाबतीत सगळ्यात फसवी. तिला काहीही चालतं.

आणखी एक गोष्ट कागदावर येत नाही. असा थकलेला मासा शेवटी मरतो तो एरोमोनास जिवाणूच्या जखमेने, कापसासारख्या बुरशीने नाहीतर माशाच्या उवांनी. तपासणारा 'जिवाणूसंसर्ग' लिहून मोकळा होतो. मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच लिहीत होते. मग एकदा सलग तीन खेपांना एकाच ओढ्याच्या खालच्या अंगाला तेच व्रण आणि वरच्या अंगाला एकही नाही असं पाहिलं, आणि तेव्हापासून धातू तपासण्यासाठी किडनी ठेवून द्यायला लागले.

पाऱ्याचं प्रकरण वेगळं. बाकीचे धातू कल्ला, यकृत, मूत्रपिंड, हाडं, खवले यांत जमतात, मांसात कमी. पारा मात्र ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणूंच्या हातून मिथाइल पारा बनतो, आणि तो मांसाच्या प्रथिनालाच चिकटतो. छोट्या माशाकडून मोठ्याकडे जाताना दर पायरीला वाढतो. आपल्या भागात हा विषय हवेतला नाही. कल्याणच्या खाली नदी खाडीला मिळते त्या पट्ट्यातल्या गाळात पारा साचल्याचं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. पाऱ्याचे सेल वापरून कॉस्टिक सोडा बनवण्याचं जुनं तंत्र हे त्याचं मोठं कारण. ते तंत्र देशातून आता जवळजवळ गेलं, पण गाळ कारखान्याबरोबर निघून जात नाही. रायतं या पट्ट्याच्या वर आहे, तेवढा तुम्हाला दिलासा.

क्रोमियमबद्दल थोडक्यात. मुलामा देण्याच्या आणि रंगद्रव्यांच्या कामातून येणारा षट्संयुजी (हेक्साव्हॅलंट) क्रोमियम पेशीत सहज शिरतो, आत त्याचं रूप बदलताना डीएनएला इजा होते. अंबरनाथ, डोंबिवली, तळोजा, ठाणे-बेलापूर पट्टा, जिथे प्लेटिंगची छोटी युनिट्स असतात तिथे मी तो आधी शोधते. मूर्तींच्या रंगांतही शिसं आणि क्रोमियम असायचे. ठाण्यात विसर्जनासाठी कृत्रिम हौद आले ते तळ्यांतल्या माशांच्या दृष्टीने फार बरं झालं, लोक त्यावर कितीही कुरकुरोत.

आता तुमच्या दोन वाकड्या चिलाप्या. शिशाने पाठ वाकते हे खरं. ट्राउटवरच्या दीर्घकालीन प्रयोगांत शिशाने आधी शेपटीकडचा भाग काळा पडला आणि नंतर कणा वाकला. पण नुसत्या वाकड्या पाठीवरून मी शिशाचं नाव घेणार नाही. माझ्या टेबलावर आलेल्या वाकड्या माशांत सगळ्यात जास्त दोषी निघाले ते दुसरेच. एक, करंट. बॅटरी किंवा खांबावरची तार पाण्यात सोडून मासे मारणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. झटक्याने स्नायू इतके आवळतात की मणका मोडतो, आणि वाचलेला मासा वाकडाच जुळतो. दोन, जवळच्या नात्यातली पैदास, चिलापीत तर नेहमीची. तीन, पाळलेला मासा असेल तर जुन्या खाद्यातलं संपलेलं क जीवनसत्त्व. पुरात शेततळं फुटून असे मासे नदीत येतात. एक्स-रे काढला तर मोडून जुळलेला मणका वेगळा दिसतो. मेहुण्यांना एवढंच विचारा, वाकड्या माशांची शेपूट काळसर होती का, आणि शिंगटी, मरळ अशा दुसऱ्या जातींतही वाकडे मिळतात का. एकाच जातीत असेल तर मी धातूकडे शेवटी वळेन. तीन-चार जातींत असेल तर पहिल्यांदा.

त्याच ओघात, तळ्यात मासे तरंगले की लगेच 'केमिकल' म्हणायची घाई करू नका. ठाण्यातलं मासुंदा तळं असो की उपवन, ढगाळ हवेत किंवा पहिल्या सरीनंतर पहाटे मोठे मासे आधी मरून पडले असतील, तोंडं उघडी असतील, तर बहुतेक वेळा ते ऑक्सिजन संपल्यामुळे. विषाने सहसा बारीक मासे आधी जातात आणि वेळेचं बंधन नसतं. धातू बहुधा मासे तरंगवत नाही. तो नदी हळूहळू रिकामी करतो.

खाण्याबद्दल. मी स्वतः बदलापूरच्या खालचा नदीतला मासा रोज खाणार नाही, महिन्यातून एखाद्या वेळी खाईन, आणि खाताना मुंडकं, कल्ले, कलेजी, आतली काळपट किडनीची पट्टी काढून टाकेन. मणक्याला लागून असलेली ती पट्टी नखाने खरवडून धुवा, कॅडमियम तिथेच बसतो. कालवणासाठी मुंडकं ठेवायची आपली सवय इथे मोडायला हवी. काटे चावून खायच्या बारीक माशांबाबतही सावध, शिसं हाडात असतं. शिंगटी, मृगळ हे तळाचा गाळ चिवडणारे, त्यांच्यापेक्षा वरच्या थरातली कटला बरी. मोठी मरळ शिकारी आहे, पाऱ्याच्या दृष्टीने गर्भवती बाई आणि लहान मुलांना ती देऊ नका. आणि कोकम, हळद, मिठाचं पाणी यांनी धातू निघत नाही. तळल्याने तर पाणी उडून ग्रॅममागचं प्रमाण थोडं वाढतंच.

खात्रीच करायची असेल तर पुढचे पैसे पाण्यावर घालवू नका. पाणी म्हणजे त्या क्षणाचा फोटो, टँकर रात्री रिकामा झाला आणि तुम्ही सकाळी बाटली भरली तर काही दिसत नाही. गाळ आणि मासा हिशेब ठेवतात. वळणावरच्या संथ जागेतला वरचा दोन बोटं गाळ तीन ठिकाणांहून घ्या, प्लास्टिकच्या चमच्याने, स्वच्छ प्लास्टिक पिशवीत. एकाच जातीचे, साधारण एकाच आकाराचे पाच-सहा मासे द्या आणि मांस, यकृत, किडनी वेगवेगळं तपासायला सांगा. शक्य असेल तर तोच मासा बदलापूरच्या वरून, कर्जतच्या अंगाकडूनही आणा. तुलनेशिवाय आकडा मुका असतो. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) खाण्याच्या माशाची मर्यादा शिसं किलोला ०.३ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.३, पारा ०.५ आणि शिकारी माशात १. हे आकडे ओल्या वजनावरचे आहेत. प्रयोगशाळा बऱ्याचदा वाळवलेल्या मांसावर आकडा देते. माशाच्या मांसात पाऊणहून जास्त पाणी असतं, त्यामुळे कोरड्यावरचा १ म्हणजे ओल्यावरचा साधारण ०.२ ते ०.२५. ही एक ओळ न वाचल्यामुळे बातम्यांमध्ये किती हलकल्लोळ झालेला मी पाहिलाय! अहवाल हातात आला की आधी 'ओलं की कोरडं' विचारा. आकडे मर्यादेबाहेर निघाले तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयाला जागा, तारीख, वेळ घालून लेखी कळवा, तोंडी नको.

पुढच्या खेपेला वाकडी चिलापी जाळ्यात आली तर ती कापू नका, फ्रीझरमध्येही टाकू नका. धातू मोजायला गोठवलेला मासा चालतो, पण कल्ल्याच्या पेशी गोठल्या की फुटतात आणि मला सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही. नदीच्याच पाण्यात, झाकणाच्या बादलीत जिवंत आणा, सोबत तिच्याबरोबर मिळालेली एक सरळ चिलापी. मेलीच वाटेत, तर पिशवीत घालून बर्फावर ठेवा, मासा थेट बर्फाला लागू देऊ नका, आणि दोन तासांच्या आत पोचवा.